नाव नसलेल्या ठासणीच्या बंदुकीचा कारखाना कसा शोधायचा

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासायची बंदूक. संग्रहात, लिलावात किंवा वारशाने हाती येणाऱ्या अशा अनेक बंदुका जुन्या काळच्या नसतात. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इटली, स्पेन, बेल्जियम, जपान, भारत, ब्रिटन आणि अमेरिकेत त्यांच्या प्रतिकृती मोठ्या संख्येने तयार झाल्या. त्यांतल्या कितीतरींवर कारखान्याचं नाव दिसत नाही. मालकाला मात्र ते हवं असतं, कारण सुटा भाग मागवायचा तर आटे कुठले ते कळावं लागतं, आणि किती दारू चालते हे त्या कारखान्याच्या पुस्तिकेशिवाय ठरवता येत नाही.

पहिला घोळ नावांचाच असतो. बंदुकीवर तीन वेगळ्या प्रकारची नावं असू शकतात, आणि बहुतेक चुका ती एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. एक नाव नकलेचा भाग असतं. लॉकच्या पट्टीवर, म्हणजे घोडा ज्या पोलादी पट्टीवर बसवलेला असतो तिच्यावर, ‘टॉवर’, मुकुट आणि ‘जी आर’, ‘यू एस स्प्रिंगफील्ड १८६३’ अशी अक्षरं असतात. ती मूळ बंदुकीवर होती म्हणून नकलेवर कोरलेली. पेडरसोली या इटालियन कंपनीच्या ब्राऊन बेसवर (जुन्या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्या नकलेवर) ‘ग्राइस १७६२’ असतं. ग्राइस हा अठराव्या शतकातला इंग्रज बंदूककार, त्या नकलेशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं नाव विकणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं: नेव्ही आर्म्स, डिक्सी गन वर्क्स, लायमन, ट्रॅडिशन्स. हे अमेरिकी व्यापारी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांकडून माल घेत. तिसरं नाव खऱ्या घडवणाऱ्याचं, आणि नेमकं तेच बहुतेक वेळा लाकडाखाली दडलेलं असतं किंवा नुसत्या दोन-तीन अक्षरांवर भागवलेलं असतं.

हात लावण्याआधी एक काम टाळता येत नाही. बंदूक भरलेली नाही याची खात्री करायची. अनेक वर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत भरलेला बार तसाच राहिलेला सापडतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर दशकांनंतरही पेटते. घोडा खाली आहे, निपलवर (टोपीच्या बंदुकीत ठिणगी आत नेणाऱ्या पोकळ खुंटीवर) टोपी, म्हणजे आघाताने पेटणारी छोटी धातूची वाटी, नाही, रंजकदाणी (चकमकीच्या बंदुकीत पेटवणीची दारू, म्हणजे रंजक, ठेवायचा खळगा) रिकामी आहे हे बघा. टोपी किंवा रंजक असेल तर आधी ती काढा. नळीचं तोंड कुणाकडेही नसावं, स्वतःच्या चेहऱ्याकडे तर मुळीच नाही. लाकडी किंवा पितळी काठी नळीत हलकेच शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. आतलं टोक चकमकीच्या बंदुकीत कानापाशी (ठिणगी आत नेणाऱ्या नळीच्या भोकापाशी) आणि टोपीच्या बंदुकीत निपलच्या मुळापाशी यायला हवं. दोन-तीन सेंटिमीटर किंवा जास्त अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे असं धरून चाला. याला एक अपवाद आहे. काही नळ्यांच्या बुडाशी दारूसाठी अरुंद कोठी असते आणि जाड काठी तिच्या कडेवर अडते. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या काठीने पुन्हा मोजलं की फरक कळतो. रिकाम्या नळीत काठी पोलादावर खणकन वाजते, बारावर बोदा आवाज येतो. शंका उरली तर बंदूक जाणत्या कारागिराकडे द्यावी. ड्रिल, उष्णता, हातोडी यांतलं काहीही वापरू नये.

मग लोहचुंबक लावा. नळी आणि लॉकची पट्टी चुंबकाला चिकटत नसेल, तर हाती शोभेची जस्तमिश्रित वस्तू आहे. मिनोर्का बेटावरच्या डेनिक्ससारख्या कंपन्या अशा न उडणाऱ्या प्रतिकृती बनवतात. त्यांच्यावर दाबचाचणीचे शिक्के नसणारच, म्हणून पुढची सगळी खटपट वाचते.

चुंबक चिकटला तर पुढचा प्रश्न असतो, ही खरोखर प्रतिकृती आहे की जुनी बंदूक? लॉक बाहेर काढून लाकडातली खोबण बघा. फिरत्या कटरने कोरलेल्या खोबणीचे कोपरे गोलाकार आणि एकसारख्या त्रिज्येचे असतात, पटाशीने कोरलेल्या खोबणीचे कोपरे टोकदार आणि थोडे वेडेवाकडे. स्प्रिंग वेटोळ्याची असेल, किंवा स्क्रूंचे आटे आजच्या मेट्रिक मापाला तंतोतंत बसत असतील, तर बंदूक आधुनिक. गंज आणि काळेपणा यांवर अजिबात भरवसा ठेवू नये. ते रसायनांनी आठवडाभरात आणता येतात.

आता नळी लाकडातून काढायची, कारण खरा पुरावा तिच्या पोटाखाली असतो. क्रम महत्त्वाचा आहे. घोडा अर्धा चढवून लॉकचे एक किंवा दोन आडवे स्क्रू सैल करा. स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाच्या मुठीने हलके ठोके दिले की लॉक स्वतःहून बाहेर येतं. ते पात्याने उचकटलं की लाकडाची कड तुटते. लॉकनंतर नळीच्या शेपटीवरचा, म्हणजे बुडामागे लाकडावर येणाऱ्या पट्टीवरचा, स्क्रू, आणि मग नळी धरून ठेवणाऱ्या पाचरी, पिना किंवा कड्या. पिना एका बाजूने किंचित निमुळत्या असू शकतात, म्हणून ज्या दिशेला सहज सरकतात तिकडेच बाहेर काढा आणि दिशा कागदावर लिहून ठेवा. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण रुंदीने आणि घट्ट बसणारं हवं. निमुळतं घरगुती पातं घसरलं की स्क्रूची खाच कायमची फाटते. नळीच्या बुडाचा आटेदार बूच मात्र उघडू नये. तिथे सहसा नाव नसतं, आणि पुन्हा बसवताना तो जागेवर आला नाही तर बंदूक धोकादायक होते.

नळीचा खालचा भाग, शेपटीची आतली बाजू, लॉकच्या पट्टीची आतली बाजू, पितळी टोपणं, चापाभोवतीच्या कड्याचा आतला भाग आणि दस्त्याच्या टोकाच्या पट्टीखालचं लाकूड, हे सगळं मऊ कापडाने आणि थोड्या तेलाने पुसा. दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की उथळ ठसेही सावलीने उठून दिसतात. ठशात खडूची पूड चोळून वरची पुसली तर फोटो स्पष्ट येतो. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासलेली छापही उपयोगी पडते. पॉलिश कागद, तारेचा ब्रश किंवा गंज खाणारं आम्ल लावू नका. उथळ ठसा एकदा गेला की परत येत नाही.

सगळ्यात बोलके ठसे म्हणजे दाबचाचणीचे शिक्के. युरोपातल्या अनेक देशांत बंदूक विकण्याआधी ती सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जादा दारू भरून उडवून बघणं कायद्याने बंधनकारक आहे. टिकली तरच शिक्का मिळतो. शिक्का देश सांगतो, बऱ्याचदा वर्षही सांगतो. कारखाना मात्र सांगत नाही, आणि इथेच उतावळे निष्कर्ष काढले जातात.

इटलीचे शिक्के सर्वांत जास्त दिसतात. दातेरी चाकातला पंचकोनी तारा आणि खाली रोमन लिपीतली ‘पी एन’ ही अक्षरं, म्हणजे इटालियनमधलं ‘पोल्व्हेरे नेरा’, काळी दारू. शेजारी ढालीत एकमेकांना छेदणाऱ्या दोन बंदुका असतात. ती ब्रेशिया प्रांतातल्या गार्दोने व्हाल ट्रोम्पिया या गावाच्या प्रूफ हाऊसची खूण. पेडरसोली, उबेर्ती, पिएत्ता, आर्मी सान मार्को, आर्मी स्पोर्ट, इन्व्हेस्टआर्म या सगळ्यांचा माल तिथेच तपासला गेला, त्यामुळे या शिक्क्यावरून यांपैकी कुणीही असू शकतो. सोबतच्या छोट्या चौकटीतली अक्षरं वर्षाची असतात. ही मोजणी १९४५ला रोमन एकपासून सुरू झाली. म्हणून रोमन वीस म्हणजे १९६४ आणि रोमन तीस म्हणजे १९७४. त्यानंतर अक्षरांच्या जोड्या आल्या: ‘ए ए’ १९७५, ‘ए बी’ १९७६, आणि अशाच पुढे. काही अक्षरं वगळलेली असल्यामुळे ‘ए झेड’ १९९०ला येतं, ‘बी ए’ १९९१ला, ‘बी झेड’ २००५ला, ‘सी ए’ २००६ला. बोटांवर अक्षरं मोजून वर्ष काढलं की चुकतं, पूर्ण तक्ताच बघावा लागतो. वर्षाचा उपयोग नावं गाळायला होतो. पेडरसोलीची स्थापना १९५७ची, उबेर्तीची १९५९ची. कंपनी जन्मण्याआधीची बंदूक तिची नसणार.

जवळपास दोन-तीन अक्षरांचा छोटा ठसा दिसला तर तो सोन्याहून मोलाचा, कारण तो कारखान्याचा असू शकतो. ‘ए एस एम’ म्हणजे आर्मी सान मार्को. शंकरपाळ्याच्या आकारात ‘एफ ए पी’ म्हणजे पिएत्ता. ‘डी पी’ म्हणजे दाविदे पेडरसोली. एकच सुटं अक्षर मात्र बहुधा तपासनिसाचं किंवा जुळणी करणाऱ्या कामगाराचं असतं, त्यावर काही उभारू नये.

स्पॅनिश बंदुकांची चाचणी एइबार गावच्या प्रूफ हाऊसमध्ये होते. तिथे वर्षासाठी १९२७पासून एक अक्षर होतं, १९५५पासून अक्षराला आकडा जोडला गेला आणि ‘ए १’पासून नवी मालिका सुरू झाली. अलीकडच्या स्पॅनिश मालाचा अनुक्रमांक त्याहून सोपा: आडव्या रेघांनी चार भाग पाडलेले आणि शेवटचे दोन अंक वर्षाचे. सुरुवात ६१ने असेल तर बंदूक बहुधा डिकारची, म्हणजे सीव्हीए (कनेक्टिकट व्हॅली आर्म्स) या अमेरिकी नावाने विकलेली. १४ने असेल तर आर्देसाची, जी ट्रॅडिशन्स या नावाने विकली गेली. पुष्कळ लोक हा लांब क्रमांक पाहून ‘नाव नाही’ म्हणतात, आणि उत्तर त्या क्रमांकातच असतं.

लंबगोलात ‘ई एल जी’ म्हणजे बेल्जियमचं लिएज. मुकुट आणि ‘बी एन पी’ म्हणजे बर्मिंगहॅम. गरुड आणि त्याच्याजवळ सांबरशिंग म्हणजे जर्मनीतलं उल्म. जर्मन शिक्क्यात वर्ष दोन अक्षरांत असतं: ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं के म्हणजे ९पर्यंत, मध्ये जे वगळलेलं. ‘एच सी’ म्हणजे ७२. एक सावधगिरी: जर्मन शिक्का म्हणजे जर्मन कारखाना नव्हे. बाहेरून आलेला, शिक्का नसलेला माल तिथे विकण्याआधी तिथेच तपासून घ्यावा लागतो.

आणि शिक्काच नसला तर? हाही पुरावाच आहे. अमेरिका, जपान आणि भारत युरोपाच्या या परस्परमान्य शिक्काव्यवस्थेत नाहीत, अमेरिकेत तर सरकारी दाबचाचणीची सक्तीच नाही. शिवाय तिथल्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यात चकमकीच्या आणि टोपीच्या जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती ‘पुराणवस्तू’ धरल्या गेल्या, त्यामुळे त्यांच्यावर अनुक्रमांक घालण्याची केंद्रीय सक्ती राहिली नाही. शिक्का, क्रमांक, नाव काहीच नसलेली नळी सापडली तर आधी या देशांकडे बघायचं. जपानच्या मिरोकूने ब्राऊन बेस, शार्लव्हिल आणि १८६१चं स्प्रिंगफील्ड यांच्या चांगल्या प्रतिकृती बनवल्या होत्या. भारतात बनून उत्तर अमेरिकेत जाणाऱ्या चकमकीच्या बंदुका पुष्कळदा नळीला कान न पाडताच विकल्या जातात. त्यांचा दस्ता सागाचा किंवा शिसवीसारख्या जड लाकडाचा असतो, भाग हाताने घासून जुळवलेले असतात. दोन सारख्या दिसणाऱ्या बंदुकांची लॉकं एकमेकींत बसत नाहीत, ही त्यांची पक्की खूण.

आणखी एक शक्यता म्हणजे एकट्या कारागिराने किंवा हौशी माणसाने जुळवलेली बंदूक. अशा वेळी ‘कारखाना’ असा नसतोच. नळी एकाची, लॉक दुसऱ्याचं, दस्ता तिसऱ्याचा. अमेरिकी नळी बनवणारे, जसे डग्लस, ग्रीन माउंटन, राइस, कोलरेन, आपलं नाव अष्टकोनी नळीच्या खालच्या पैलूवर ठोकतात. ते वाचून ‘ही डग्लसची बंदूक’ असं लिहिलेलं अनेक जागी आढळतं. बरोबर वाक्य असं: नळी डग्लसची, जुळणी अज्ञात. अशा कारागिराची सही असलीच तर बहुधा नळीच्या वरच्या पैलूवर असते.

ठसे मुद्दाम घासलेलेही असतात. जुन्या लढायांचे प्रसंग सादर करणारे लोक ‘मेड इन इटली’, ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ अशी आधुनिक अक्षरं घालवतात, म्हणजे बंदूक जुनी वाटते. या कामाला डीफार्बिंग म्हणतात. नळीवर पट्टी ठेवून उजेडात धरली तर घासलेल्या जागी बारीक खळगा किंवा रंगातला फरक दिसतो. लाकडाखालचे शिक्के बहुधा तसेच राहिलेले असतात. मात्र क्रमांकाची जागाच खोडलेली दिसली तर थांबा. अनेक देशांत खोडलेल्या क्रमांकाचं हत्यार बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि खोडलेला ठसा आम्लाने पुन्हा वर आणणं हे न्यायवैद्यक तज्ज्ञाचं काम आहे.

ठसे संपले की मापं बोलू लागतात. नळीची लांबी बुडापासून तोंडापर्यंत, पैलूंमधली रुंदी, तोंडाशी आतला व्यास, खाचांची संख्या आणि त्यांचा पीळ. पीळ म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा किती लांबीत एक पूर्ण फेरा घेतात. तो घरी मोजता येतो. मूठ फिरती असलेल्या गजाला घट्ट कापड गुंडाळा, नळीत घाला, गजावर उभी रेघ मारा आणि हळू ओढा. रेघ पाव फेरा फिरेपर्यंत गज किती सरकला ते मोजा आणि चाराने गुणा. ३०५ मिलिमीटर आले तर ४८ इंचांत एक फेरा, ३८१ आले तर ६०, ४१९ आले तर ६६. कापड सैल असेल तर ते खाचांवरून घसरतं आणि पीळ खऱ्याहून मंद वाटतो. म्हणून तीनदा मोजा, तिन्ही आकडे जवळ आले तरच लिहा.

हे आकडे बऱ्याच नावांना चाळणी लावतात. अमेरिकेच्या थॉम्पसन/सेंटर कंपनीच्या हॉकेन रायफलचा पीळ ४८चा, नळी २८ इंचांची. सीव्हीएच्या जुन्या माउंटन रायफलचा ६६चा. लायमनच्या नावाने इन्व्हेस्टआर्मने बनवलेल्या ग्रेट प्लेन्स रायफलचा ६०चा, नळी ३२ इंचांची. ब्रिटनच्या पार्कर-हेलच्या एनफिल्ड प्रतिकृतींत खाचांची खोली बुडाकडे जास्त आणि तोंडाकडे कमी होत जाते. एकसारख्या खोलीच्या खाचा त्या नावाला विरोध करतात.

मापांपेक्षाही मला आट्यांचा पुरावा जास्त भरवशाचा वाटतो, कारण निपलचे आटे सहसा कुणी नक्कल करायला बदलत नाही. थॉम्पसन/सेंटरचं निपल पाव इंच जाड, इंचाला २८ आटे. सीव्हीएच्या स्पॅनिश रायफलींचं ६ मिलिमीटर जाड, १ मिलिमीटर अंतराचे आटे. बहुतेक इटालियन रिव्हॉल्व्हरांचं ६ मिलिमीटर, अंतर ०.७५. कॅलिपरने जाडी मोजली तर पाव इंची निपल ६.३च्या आसपास भरतं आणि मेट्रिक ५.९च्या आसपास. अंतर मात्र आट्यांच्या गेजनेच बघावं, कारण १ मिलिमीटर आणि इंचाला २८ म्हणजे ०.९१ मिलिमीटर हा फरक डोळ्यांना कळत नाही. ६ मिलिमीटरचं निपल पाव इंची भोकात सैलसर जातं, ‘बसलं’ असं वाटतं, आणि उडवताना मागे चेहऱ्याकडे निसटू शकतं. ओळख पटली नाही तर निपल कधीही अंदाजाने मागवू नये.

लॉकच्या आत वेटोळ्याची मुख्य स्प्रिंग हे थॉम्पसन/सेंटरचं ठळक लक्षण आहे. पट्टीची स्प्रिंग असेल तर ते नाव जवळजवळ बाद. सीव्हीएच्या नंतरच्या लॉकांतही वेटोळं दिसतं, म्हणून निपलचे आटे त्या जोडीला घ्यावेत. लाकूड दुय्यम पुरावा आहे: अमेरिकी मालात काळं अक्रोड, इटालियनात युरोपीय अक्रोड आणि स्वस्त मॉडेलांत बीच, स्पॅनिशात रंग दिलेलं बीच. दस्ता दोन तुकड्यांचा, मधे पितळेची पातळ चकती असलेली केंटकी रायफल दिसली तर ती बहुधा स्पेनच्या जुकारची, सीव्हीए नावाने विकलेली. दस्ता बदललेला असतो हे मात्र लक्षात ठेवावं. घरी जुळवायच्या संचांत खोबणीच्या फटी भरलेल्या दिसतात, म्हणून ओबडधोबड काम पाहून कारखाना वाईट असा शेरा मारू नये. तिथली नळी कारखान्यातूनच तपासून आलेली असू शकते.

निष्कर्ष लिहिताना वाक्याला श्रेणी लावा. कारखान्याचा ठसा वाचता आला तर ‘निर्माता अमुक’. ठसा नाही पण देशाचा शिक्का, पीळ, निपलचे आटे आणि लॉकची रचना अशी तीन-चार स्वतंत्र चिन्हं एकाच नावाकडे जात असतील तर ‘बहुधा अमुक’. एकच चिन्ह जुळत असेल तर ‘अमुक शैलीचं, निर्माता अज्ञात’. आणि एकही ठोस चिन्ह विरोधात जात असेल तर, बाकी कितीही जुळलं तरी, तो भाग नंतर बदललेला आहे का हे आधी तपासा. नोंद अशी दिसावी: ‘प्रतिकृती, टोपीची रायफल. नळी २८ इंच, पीळ ४८, निपल पाव इंच आणि इंचाला २८ आटे, मुख्य स्प्रिंग वेटोळ्याची, काळं अक्रोड, दाबचाचणीचा शिक्का नाही. बहुधा थॉम्पसन/सेंटर. नळीवरचं लेखन घासलेलं.’ खाली तारीख, मापांची साधनं आणि लाकडाखालच्या नळीचे फोटो जोडा, कारण पुढचा माणूस हाच पुरावा पुन्हा तपासेल तेव्हा त्याला स्क्रू परत फिरवावे लागू नयेत.